आषाढात कमी केलेली गोळी

बॅण्डच्या लाल कोटाची वरून तिसरी गुंडी लागेनाशी झाली तेव्हा मला वाटलं, धोब्याने कोट आटवला. विठ्ठलवाडीच्या आमच्या गाळ्यात सगळ्यांचे कोट दोरीवर ओळीने टांगलेले असायचे. शेजारचा काढून घातला. त्याचीही तिसरी गुंडी लागेना. पोट तर माझं खपाटीला गेलेलं. मग बनियनमध्ये हात घालून चाचपलं. दोन्ही बोंडांच्या मागे सुपारीएवढी गाठ होती आणि दाबली की कळ काखेपर्यंत जायची.

पुरुषाला असं होतं हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मी विशीत होतो, ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. कोणाला विचारणार? घर इतकं लांब की आईला विचारायचं म्हटलं तरी दीड दिवस जायचा, आणि गेलो असतो तरी आईला हे कसं दाखवणार होतो.

मी यवतमाळकडचा, पुसदच्याही पलीकडचा. सहावीत शाळा सोडली आणि काकांच्या मागे सनई फुंकत हिंडायला लागलो. त्यात दोघांचं भागेना, म्हणून गावातल्या एकाबरोबर कल्याणला आलेलो, खाडीतली रेती उपसायच्या कामाला. त्या कामाने पाठ मोडली. एकदा दुपारच्या सुट्टीत काठावर सनई घेऊन बसलो होतो, तर रस्त्याने जाणारे एक गृहस्थ सायकल थांबवून ऐकत राहिले. ते मास्तर. आमच्या बॅण्डचे मालक, स्वतः ट्रम्पेट वाजवायचे.

"एवढा दम कुठून आणतोस रे? उद्या गाळ्यावर ये," म्हणाले.

गेलो. त्यांनी हातात क्लॅरिनेट दिलं. झोपायला गाळा दिला. दोन्ही वेळचं ताट त्यांच्या घरून यायचं, मास्तरांच्या बायको, आमच्या काकू, स्वतः भरायच्या. जात विचारली नाही, शाळा विचारली नाही. आईने गावभर सांगून ठेवलं होतं की माझा पोरगा मुंबईच्या बॅण्डात मोठी पिपाणी वाजवतो. कल्याण आणि मुंबई तिला एकच.

बॅण्डात ज्याचा दम संपला त्याला मास्तर हाकलून देत नसत. बत्ती देत. वरातीच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचं. आमच्यातला एक म्हातारा पूर्वी कॉर्नेट वाजवायचा म्हणे, आता बत्ती धरायचा. उजेड त्याच्या डोक्यावर असायचा, त्यामुळे तोंड कायम सावलीत. त्याच्याकडे बघायचं मी टाळायचो.

कारण माझ्या घशात आंबट पाणी यायला लागून वर्ष झालेलं. क्लॅरिनेट फुंकताना पोटातून जोर लावावा लागतो. वरून कमरेला चार बोटं रुंद पांढरा पट्टा, शेवटच्या भोकात आवळलेला. पट्टा ढिला दिसला की मास्तर म्हणायचे, "बॅण्ड आहे का बाजारबुणगे?" आणि आपल्याकडे लग्नघरी वाजंत्र्याला उपाशीपोटी वाजवू देत नाहीत. आधी पानावर बसवतात, आग्रह करकरून वाढतात, आणि शेवटचा घास गिळतोय तोवर बाहेरून हाक येते, नवरदेव निघाला. तेवढ्या भरल्या पोटावर पट्टा आवळून तीन तास फुंकायचं. छातीत जाळ उठायचा, पाणी घशाशी यायचं, कधी थेट रीडपर्यंत. रीड म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी, तिच्यावरच सगळा सूर. तिला ती आंबट चव लागली की पुढचा सूर काढायची भीतीच वाटायची.

काकूंनी मला डोंबिवलीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या माहेरचे ओळखीचे, वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी ठाण्याला पाठवून फोटो काढवला. खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी प्यायला देतात आणि पोटाचा फोटो काढतात. "जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती तुझी ढिली पडलीय, आम्ल वर येतं," असं समजावून डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. सकाळी एक, रात्री एक.

आठवड्यात जाळ विझला. त्या गोळीच्या पट्टीला मी रोज सकाळी अक्षरशः हात जोडायचो. मग लग्नाचा सीझन आला आणि दुपारची एक मीच वाढवली. एका दिवसात दोन वराती असल्या तर संध्याकाळची आणखी एक. औषधाच्या दुकानात कोणी विचारत नव्हतं. सीझनभर मी असा वाजवला की मास्तर पाठीवर थाप मारायचे. आणि सीझन संपता संपता ती तिसरी गुंडी.

मी खांदे पुढे पाडून चालायला लागलो. गाळ्यामागच्या नळावर बनियन घालूनच अंघोळ करायला लागलो. आमचा साइड ड्रमवाला कल्याणातलाच, तोंडाचा पट्टा कायम चालू. "काय रे विदर्भ, बघायला आलेल्या पोरीसारखा काय चालतोस? आणि बनियन कशाला, कोण नजर लावणारंय तुला?" सगळे हसले. मीही हसलो.

शेवटी एकटाच डोंबिवलीला गेलो. डॉक्टर म्हणाले शर्ट काढ. मी बनियन वर केलं. त्यांनी आधी उठून दार लावलं, बाहेर बाकावर पेशंट बसले होते म्हणून. मग विचारलं, "गोळ्या किती घेतोस?"

"दोन."

"दोनने एवढं होत नाही."

"सीझनला तीन. कधी चार."

"हे त्या गोळीने झालंय. क्वचित होतं, जास्त घेतल्यावर होतं. गाठ वाईट नाही, घाबरू नकोस. गोळी कमी झाली की उतरेल."

"आजपासून बंद करतो."

"बंद नाही. कमी. एकदम तोडलीस तर पोट चवताळेल, पहिल्यापेक्षा जास्त आम्ल करेल, आणि तू परत चारवर जाशील. आधी मधल्या दोन सोड. मग सकाळची अर्धी कर. जमलं की सकाळची बंद. मग रात्रीची अर्धी. दर वेळी मला येऊन सांग."

मी विचारलं, "आणि कमी केली आणि वाजवता नाही आलं तर?"

"हळूहळू करू. जमेल."

आषाढ लागला होता. आषाढात आमच्याकडे लग्नं नसतात. मास्तरांची पद्धत अशी की ओल्या हवेत क्लॅरिनेटच्या चाव्यांखालच्या कातडी गाद्या सडतात, म्हणून सगळी वाद्यं पुसून, कापराच्या वड्या टाकून पेटीत बंद. नारळी पौर्णिमेला पेटी उघडायची, तोवर कोणी हात लावायचा नाही. आम्ही पितळ घासायचो, ढोलांची कातडी पानं बदलायचो, पत्ते खेळायचो.

मधल्या गोळ्या सोडल्या तेव्हा पहिले काही दिवस जाळ झाला. डॉक्टरांनी त्यासाठी गुलाबी पातळ औषध दिलेलं, ते चमचाभर घेऊन सोसलं. मग शांत. सकाळची अर्धी केली, शांत. सकाळची बंद केली, तरी शांत. प्रत्येक वेळी डोंबिवलीला जायचो, डॉक्टर विचारायचे, "जळजळ?" मी सांगायचो, "नाही." ते म्हणायचे, "छान, आता पुढची." गाठही मऊ पडल्यासारखी वाटायला लागली. काकूंकडच्या देवाला मी नारळ ठेवला. श्रावणात रात्रीच्या अर्ध्या गोळीवर आलो होतो. त्या दीड महिन्यात मी एक फुंकर मारलेली नाही, ही गोष्ट ना डॉक्टरांच्या लक्षात आली ना माझ्या. ते बॅण्डवाल्याला तपासत होते आणि समोर बसत होता तो नुसता पितळ घासणारा माणूस.

नारळी पौर्णिमेला आमचं काम ठाण्याच्या कोळीवाड्यात असायचं. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पालखीतून खाडीवर न्यायचा, पुढे आम्ही. दुपारपासून मिरवणूक घराघरापुढे थांबत जाते आणि प्रत्येक घरातून वाजवणाऱ्यांना काही ना काही खायला येतं. नारळीभात, करंज्या, वड्या, सगळं ओल्या नारळाचं आणि तुपाचं. नको म्हटलं तर घरधनीण मनाला लावून घेते. एका दारात एक म्हातारी पान घेऊन माझ्याच समोर उभी राहिली.

"खा रं बाबा. तोंड सुकलंय तुजा. उपाशी फुकलास तं दर्याला बरा वाटंल का?"

मी खाल्लं. पट्टा शेवटच्या भोकात होता.

खाडीच्या उतारावर गर्दी दाटली. मास्तरांनी खूण केली की आता क्लॅरिनेटने वर जायचं, पट्टीतला सगळ्यात उंच सूर, तो मी नेहमी लांब धरायचो आणि लोक शिट्ट्या मारायचे. दम भरला, जोर लावला आणि पोटातलं सगळं वर आलं. घशात, नाकात, रीडवर. क्लॅरिनेटमधून मांजरीचं शेपूट चिरडावं तसा आवाज निघाला. पुढे काही निघेना. मास्तरांनी ट्रम्पेट उचलून तो सूर स्वतः घेतला म्हणून मिरवणूक थांबली नाही. मी एका होडीच्या आडोशाला जाऊन ओकलो. डोळ्यांतून पाणी, छातीत निखारा.

ती म्हातारी तिथे आली. "काय झाला रं? बस हितं. पानी पी." तांब्या दिला. जरा वेळाने घाबरत विचारलं, "माज्या भातानं झाला काय?"

"नाही आजी. भात चांगला होता."

परत जाताना मास्तरांनी मला टेम्पोच्या मागे बोलावलं. ड्रमवाल्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, "गणपतीला वाजवशील?"

"वाजवीन."

"खरं सांग."

मी रीड पुसत राहिलो. ते म्हणाले, "म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही. गणपतीत तू बत्ती धर. पुढचं पुढे बघू."

त्या संध्याकाळी मी दोन गोळ्या एकदम घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चार. जाळ विझला, पण मास्तर क्लॅरिनेट द्यायला तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं. मिरवणुकीत सूर तुटणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. उल्हासनगरचा एक क्लॅरिनेटवाला त्यांनी भाड्याने आणला.

गणपतीत बत्ती धरली. बत्ती धरताना दोन्ही हात वर लागतात. हात वर केले की कोट छातीवर ताणतो, आणि गाठी परत फुगलेल्या. प्रत्येक पावलाला कापड त्यांच्यावर घासायचं. मी बत्तीखाली दात आवळून चालायचो आणि समोर दुसरा माणूस माझं क्लॅरिनेट वाजवायचा. बरा वाजवायचा. नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या पुढेही मी बत्तीच घेऊन उभा होतो. लोक देवीला काय काय मागत होते. मला नीट मागताही येईना. गोळी सुटू दे म्हणावं तर दम जातो, दम राहू दे म्हणावं तर हे अंग वाढतं. दोन्ही एकदम मागितलं तर देवीने कुठलं ऐकायचं?

गावी परत जावं असंही मनात यायचं. पण गावाला पुरुष नदीवर उघड्याने अंघोळ करतात. तिथे किती दिवस बनियन घालून राहणार? एका दुपारी खाडीच्या पुलावर बराच वेळ उभा होतो. एक भाजीवाली म्हणाली, "भाऊ, बाजूला व्हा, टोपली जाऊ दे." बाजूला झालो आणि तसाच डोंबिवलीला गेलो.

डॉक्टर या वेळी थोडे चिडले. "सगळं सुरळीत चाललेलं, परत चारवर कसा गेलास?"

नारळी पौर्णिमेचं सांगितलं. त्यांनी मध्येच अडवलं. "थांब. दीड महिन्याने पहिल्यांदा वाजवलंस? म्हणजे आपण गोळी कमी करत होतो तेव्हा वाजवत नव्हतास?"

"आषाढात कोण वाजवतं?"

"अरे, मला काय माहीत बॅण्डवाल्यांचा आषाढ." ते हसले नाहीत, मीही नाही. मग म्हणाले, "चूक माझीही आहे, मी विचारायला हवं होतं. उद्या वाद्य घेऊन ये. वाजवतोस तो कोट घालून ये."

मास्तरांकडून क्लॅरिनेट मागून नेलं, कशाला ते सांगितलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांसमोर उभा राहून वाजवलं. कंपाउंडर डोकावला, बाकावरची एक बाई म्हणाली, "कोणाचं लग्न आहे आत?" डॉक्टर माझ्या बोटांकडे बघतच नव्हते, कमरेकडे बघत होते.

"हा पट्टा इतका कशाला?"

"मास्तरांचा नियम आहे."

"सोड आणि वाजव."

सोडून वाजवलं. छातीवरून कोणी उतरल्यासारखं झालं.

"मास्तरांना सांग, तुला पट्टा चालणार नाही."

"नाही सांगू शकत."

"का?"

मी पट्ट्याची गुंडाळी करायला लागलो. ज्या माणसाने काही न विचारता जागा दिली, ताट दिलं, त्याच्याकडे आपण आणखी काय मागायचं? आणि तेही त्याच्या बॅण्डची शोभा कमी करून.

डॉक्टरांनी आणखी आग्रह धरला नाही. त्यांनी सगळं नव्याने आखलं. या वेळी रोज वाजवायचं, आणि वाजवत वाजवत गोळी कमी करायची. वाजवून झाल्यावर जेवायचं, आधी नाही. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. गाळ्यात झोपायची फळी होती, तिच्या उशाकडे विटा लावायच्या. आणि प्रत्येक गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस आग वाढेल, तेव्हा गुलाबी औषध घ्यायचं, गोळीला हात लावायचा नाही. "ती आग म्हणजे दुखणं परत आलं असं नाही. पोट सवय मोडतंय. ओसरते का बघ, मग माझ्याकडे ये. नाही ओसरली तरी ये, पण ये."

ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात. सकाळी सगळे उठायच्या आत, मास्तरांनी परत न मागितलेलं क्लॅरिनेट घेऊन लांब जायचो आणि पट्टा न लावता वाजवायचो. दुपारची गोळी सोडली तेव्हा आग अशी की भिंतीला छाती टेकवून उभा राहायचो, भिंत गार लागायची म्हणून. गोळ्यांची पट्टी खिशातच असायची. हात खिशात जायचा, गोळीचा उंचवटा बोटाला लागायचा, आणि मला वाटायचं, एक घेतली तर कोणाला कळणारंय. एकदा घेतलीही. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पुन्हा उद्यापासून." काकूंना सगळं कळत होतं की नाही कोण जाणे, पण ताटातलं तिखट आपोआप कमी झालं होतं.

आग ओसरत होती, पण हळू. सकाळच्या अर्ध्या गोळीवर आलो तेव्हा दिवाळी तोंडावर आलेली आणि मास्तरांनी नव्या सीझनसाठी निळे कोट शिवायला काढले. शिंपी माप घ्यायला गाळ्यावर आला. मी रांगेत शेवटी, मोठा पितळी भोंगा वाजवणाऱ्या आमच्या जाड्या ट्युबावाल्याच्या मागे. ट्युबावाल्याचं माप झालं आणि मीच राहिलो.

शिंप्याने टेप छातीभोवती घेऊन ओढला. मी ओरडलो. ओरडायचं नव्हतं, ओरडलो. सगळे वळले. शिंप्याने बिचकून पुन्हा बघितलं, टेप कुठे फुगतोय ते, आणि मग माझ्या तोंडाकडे. ड्रमवाल्याने तोंड उघडलेलं मला दिसलं.

मास्तर खुर्चीतून म्हणाले, "त्याचं माप राहू दे. सैल ठेव."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. म्हटलं, "मास्तर, मला पट्टा नको. डॉक्टरांनी सांगितलंय. पट्ट्याशिवाय मी वाजवू शकतो. रोज वाजवतोय. ऐकून बघा, आणि नाही जमलं तर बत्ती कायमची द्या."

मास्तरांनी पेटी काढायला लावली. मी तिथेच, शर्टावर, वाजवलं. नारळी पौर्णिमेला तुटला तोच सूर धरला. पाणी घशापर्यंत आलं, मी गिळलं, सूर तुटू दिला नाही. किती वेळ धरला ते कळलं नाही, डोळ्यांपुढे अंधार येईपर्यंत.

मास्तर शिंप्याकडे वळले. "एकालाच पट्टा नाही असं बरं दिसणार नाही. सगळ्यांचेच पट्टे काढ. कोटावरच पांढऱ्या कापडाची पट्टी शिवून टाक. लांबून पट्टाच वाटेल."

ट्युबावाल्याने भला मोठा श्वास सोडला. "सुटलो बाबा."

ड्रमवाला म्हणाला, "मास्तर, पट्टा नाही तर आमची पोटं सुटतील ना."

"तुझं कधी बांधलेलं होतं?" मास्तर म्हणाले.

नंतर नळावर ड्रमवाला माझ्याशेजारी आला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. तो म्हणाला, "दुखतं काय रे?" मी हो म्हटलं. त्याने माझी बादली भरून दिली आणि गेला.

माजिवड्याच्या एका लग्नात मार्गशीर्षात मी पुन्हा क्लॅरिनेट घेऊन उभा राहिलो. वाजवायच्या आधी जेवलो नाही, घरच्यांना वाईट वाटलं, मास्तरांनीच समजावलं की याचं पान काढून ठेवा. सूर बरे लागले, एकदा आग आली, गेली. सकाळची गोळी माघात सुटली. रात्रीची अर्धी पुढे कित्येक महिने चालली आणि ती सोडताना मला सगळ्यांत जास्त भीती वाटली, कारण तिच्यापुढे काहीच उरत नव्हतं. ती सुटल्यावरही गोळ्यांची एक पट्टी क्लॅरिनेटच्या पेटीत, कापराशेजारी, ठेवलेली असायची. पुढे दुसऱ्या, नव्या गोळ्या आल्या, त्यांनी सहसा असं होत नाही म्हणाले डॉक्टर. क्वचित कधी लागते, तेव्हा सांगतील तेवढेच दिवस घेतो आणि मोजूनमापून थांबतो.

गाठी गेल्या, पण एका दिवसात नाही. आज जरा लहान वाटते म्हणावं तर उद्या तेवढीच. त्यामुळे त्या गेल्या कधी हे मला सांगता येणार नाही. पुढच्या दिवाळीला निळा कोट घातला तर छातीवर तो घोळदार पडला. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "काढ इकडे. कोणाच्या अंगातला घातलास?" तो माझाच होता. त्यांनी दारात उजेडाला बसून दोन्ही बाजूंनी टीप मारली. सुई काढून घेईपर्यंत मी समोर उघड्याने बसून राहिलो.